डांबराखालची पाइपलाइन

मी अंगणात सडा टाकत होते, तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीचा नळवाला पाण्याचा लोटा घेऊन फाटकात उभा राहिला. रोज सकाळी टाकीचा कॉक खोलून गावाला पाणी सोडायचं काम त्याचं. गावकीच्या नात्यानं तो माझा दीर, म्हणून मी त्याला भाऊजी म्हणायची आणि तो मला वैनी. मी सरपंच झाल्यावर गावातले बरेच लोक मला मॅडम म्हणायला लागले होते. त्यानं वैनी सोडलं नव्हतं.

"वैनी, हे पाहा. शाळेच्या मोडीपासून खालच्या मोहल्ल्यात असं पाणी येऊन राहिलं."

मी लोटा हातात घेतला. पाणी फार गढूळ नव्हतं, थोडं पिवळट होतं. पण नाकाजवळ नेलं तेव्हा नालीचा वास आला. दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी सुरू होती, माझ्या बांधीवर बाया वाट पाहत होत्या. मी म्हटलं, "टाकी धुऊन घ्या. दोन दिवस पाहू."

"टाकी साफ हाय जी. वरच्या मोहल्ल्यात पाणी चांगलं हाय. पाइप फुटला हाय, मले जागा बी माहीत हाय."

"तरी टाकी धुवा," मी म्हटलं आणि शेतावर गेले.

पुढे मी ज्या ज्या साहेबावर ओरडले, त्या प्रत्येकानं मला हेच सांगितलं होतं. दोन दिवस पाहू. मी आधी स्वतःच ते म्हटलं होतं, हे मला आज लिहितानाही गिळता येत नाही.

जागा त्याला माहीत होती, कारण त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. दिवाळीच्या आधी आमच्या गावातून जाणारा रस्ता रुंद झाला, त्यावर डांबर पडलं. बाजूची नाली खोदताना शाळेच्या मोडीवर, रस्ता वळतो तिथं, जेसीबीचा दात आमच्या नळाच्या पाइपात घुसला. पाणी घराएवढं उंच उडालं. भाऊजी टाकीकडे पळाला, कॉक बंद केला आणि परत आला, तोवर ठेकेदाराच्या माणसांनी पाइपाला टायरची ट्यूब गुंडाळून वर माती लोटली होती. "अरे कुछ नहीं हुआ, बाँध दिया है, टेंशन मत लो," ठेकेदाराचा मुनशी म्हणाला. चार दिवसांत त्यावर गिट्टी आली, मग डांबर. रस्ता इतका गुळगुळीत झाला की लोकांनी माझं अभिनंदन केलं. रस्ता माझा नव्हता, पण मी ते अभिनंदन घेतलं.

टाकी धुऊन झाली. पाणी तसंच. तेव्हा भाऊजीनं मला मोडीवर नेऊन समजावलं. नळ चालू असतो तेव्हा पाइपातलं पाणी जोरात असतं, फुटक्या जागेतून ते बाहेर जातं. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचं पाणी आत ओढतो. आणि बाहेर काय आहे? अख्ख्या मोहल्ल्याची नाली. आठवी शिकलेल्या माणसानं मला हे एका जागी उभं राहून, हाताची मूठ आवळून-सोडून दाखवलं. त्यानंतर मला इंजिनीअरची पदवी असलेली किती माणसं भेटली, त्यातल्या एकालाही ते एवढं सरळ सांगावंसं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात मी आणि आमचे ग्रामसेवक गोंदियाला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेलो. ग्रामसेवकांकडे तीन गावं होती, ते आमच्या वाट्याला आठवड्यातून दोन दिवस यायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त कोणत्याही गोष्टीचं पत्र लिहून झालं की ती गोष्ट झाली असं त्याला मनापासून वाटायचं.

पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, "योजना ग्रामपंचायतीला हस्तांतरित झाली आहे. देखभाल तुमची."

"हो, आमची. आमचा माणूस पाइप जोडायला तयार आहे," मी म्हटलं. "पण वर डांबर आहे."

"मग रस्तेवाल्यांची परवानगी घ्या."

रस्तेवाल्यांचं ऑफिस दुसऱ्या टोकाला. तिथले साहेब म्हणाले, "नवीन रस्ता आहे मॅडम. ठेकेदाराची हमी आहे त्यावर. तुम्ही खोदला तर हमी गेली. आधी पाणीपुरवठ्याकडून लिहून आणा, की त्यांचा पाइप तिथूनच जातो."

"तुमच्याच जेसीबीनं फोडला ना तो! तिथून जातो म्हणूनच फुटला!"

"तसं काही आमच्या रेकॉर्डवर नाही."

आम्ही परत पाणीपुरवठ्याकडे. ते म्हणाले, पाइप कुठून जातो हे ग्रामपंचायतीनं प्रमाणित करावं. आम्ही प्रमाणित केलं. रस्तेवाले म्हणाले, ग्रामपंचायत हे तांत्रिक खातं नाही, तिचं प्रमाणपत्र चालत नाही. या दोन ऑफिसांमध्ये मोटारसायकलनं दहा मिनिटांचं अंतर आहे. मी ते अंतर कितीदा पार केलं ते मोजायचं सोडून दिलं. ते दोन साहेब एकदाही एकमेकांकडे गेले नाहीत. फोनही लावला नाही. मी एकदा माझा फोन त्यांच्यापुढे धरला, "लावा, मी नंबर देते." साहेब हसले. म्हणाले, "अशी पद्धत नसते मॅडम. पत्रानं विचारावं लागतं."

तुम्ही म्हणाल, पाणी बंद का नाही केलं? केलं. दोन दिवस बंद ठेवलं. खालच्या मोहल्ल्यासाठी वेगळा कॉक नव्हता, म्हणून अख्ख्या गावाचं बंद झालं. खालच्या मोहल्ल्यात एक हातपंप, त्याचं पाणी लाल, आणि त्याचाही दांडा मोडलेला. हातपंप दुरुस्त करणारी गाडी पंचायत समितीची, तिचा नंबर लागायचा होता. टँकर मागायला तहसीलला गेले तर बाबू म्हणाला, टंचाई जाहीर झाल्याशिवाय टँकर मिळत नाही आणि टंचाई उन्हाळ्यात जाहीर होते. तिसऱ्या दिवशी बाया रिकाम्या गुंड्या-घागरी घेऊन माझ्या दारात आल्या. एक म्हातारी म्हणाली, "घाणेरडं तर घाणेरडं, पण पाणी दे बाई. गाईले काय पाजू?" मी भाऊजीला कॉक खोलायला सांगितलं.

उपकेंद्राची सिस्टर बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन गेली होती. ती घरोघर फिरून सांगत होती, पाणी उकळा, उकळा. टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाका म्हणून भाऊजीच्या मागे लागायची. तो टाकायचाही. "पण सिस्टर," तो तिला म्हणाला, "पावडर टाकीत पडते, घाण मोडीवर घुसते. त्याचं काय?" सिस्टरला पावडर मिळाली होती, खोदायचा अधिकार मिळाला नव्हता.

मग कावीळ सुरू झाली. आधी शाळेतली पोरं, मग मोठी माणसं. डोळे पिवळे, जेवण नको, अंग गळून गेलेलं. आणि मग भाऊजीची बायको.

ती चिचगडकडची. जंगलातल्या गावातून आली होती, तिला आमचं गाव शहरासारखं वाटायचं आणि ते ती सगळ्यांना हसत सांगायची. सातवा महिना लागला होता. त्या दिवसांत ती रोज दुपारी माझ्याकडे आवळे मागायला यायची. झाडाखाली उभी राहून तिथंच खायची, मीठसुद्धा लावायची नाही. मी म्हणायची, "दात आंबतील." ती म्हणायची, "आंबू द्या बाई, पोराले पाहिजे." आवळे खाऊन झाले की माझ्या रांजणातलं पाणी प्यायची, म्हणायची, तुमच्याकडचं पाणी गोड लागते. आमचं घर वरच्या मोहल्ल्यात होतं. गोड लागायचंच.

एका दुपारी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी खाली तिच्या घरी गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती आणि हात खाजवत होती. डोळे हळदीसारखे. सासूनं तिला काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेऊन आणलं होतं, गळ्यात कसलीशी माळ होती. मी सिस्टरला बोलावलं. तिनं एकदा डोळे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाली, "पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट असते, मॅडम. आत्ता न्या." एकशे आठ आली. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. भाऊजीला बायकोजवळ राहायला सांगून मी दुसऱ्याला कॉकवर ठेवायला निघाले, तर तो म्हणाला, "दुसऱ्याले जमणार नाही वैनी. कॉक जाम हाय. मी सकाळी येऊन खोलत जाईन." आणि तो खरंच येत राहिला. गोंदियाहून पहाटे मोटारसायकलनं यायचा, गावाला पाणी सोडायचा, बंद करायचा, परत दवाखान्यात.

त्याच आठवड्यात पंचायत समितीत समन्वय सभा लागली. सगळी खाती एका ठिकाणी बसून अडचणी सोडवतात, ती सभा. मला वाटलं, चला, आता हे दोघं समोरासमोर तरी येतील. मी चांगली साडी नेसून गेले. हे मी का सांगते आहे? कारण मला खरंच आशा होती. मूर्खासारखी.

लांब टेबल, पांढरा कपडा, प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली. आरोग्याचे साहेब उठले, त्यांनी सांगितलं की पाण्याचा नमुना अयोग्य आला आहे, ग्रामपंचायतीला कळवलं आहे. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले, योजना हस्तांतरित आहे, पत्रव्यवहार सुरू आहे. रस्त्याचे साहेब म्हणाले, अर्ज प्राप्त आहे, त्रुटी कळवल्या आहेत. प्रत्येकाचं बोलणं झालं की अध्यक्षस्थानी बसलेले साहेब वहीत काहीतरी लिहायचे आणि म्हणायचे, "ठीक. पुढे."

मी उभी राहिले. "साहेब, माझ्या नळवाल्याची बायको दवाखान्यात आहे. सातवा महिना आहे. खड्डा किती खोल आहे ते त्याला माहीत आहे, पाइप कसा जोडायचा ते माहीत आहे. त्याला अर्धा दिवस लागतो. मला फक्त एक माणूस सांगा जो हो म्हणेल. कोण हो म्हणणार आहे?"

पंखा फिरत होता. रस्त्याचे साहेब बाटलीचं झाकण फिरवत होते, उघडत नव्हते.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, भावना समजतात. आपण असं करू, तिन्ही खात्यांनी संयुक्त पाहणी करावी आणि आठ दिवसांत अहवाल द्यावा."

"आठ दिवस?"

"जास्तीत जास्त," ते म्हणाले. जणू मला सवलत देत होते.

संयुक्त पाहणी झाली. पाणीपुरवठ्याचे साहेब मंगळवारी आले. रस्तेवाले कुठे आहेत, विचारलं, म्हणाले त्यांना गुरुवार जमतो. गुरुवारी रस्तेवाले आले, एकटे. आरोग्यवाले शुक्रवारी. प्रत्येकानं त्याच डांबरावर उभं राहून फोटो काढला. तिघांना संयुक्त म्हणजे काय ते माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना चांगलं माहीत होतं. एकत्र आलं तर कोणाला तरी हो म्हणावं लागलं असतं.

शनिवारी गोंदियाच्या डॉक्टरांनी तिला नागपूरला न्यायला सांगितलं. त्यांनी त्यांच्या परीनं केलं होतं, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. भंडारा ओलांडल्यावर रस्त्यातच ती गेली. पोटातलं बाळही. मुलगी होती, हे नंतर कळलं.

रविवारी तिला परत आणलं. सोमवारी सकाळी भाऊजी पाणी सोडायला आला नाही. कॉक कोणाकडूनच फिरला नाही, आणि गावात त्या दिवशी कोणी पाणी मागितलंही नाही.

मी मंगळवारी ग्रामसभा बोलावली नाही, नोटीस काढली नाही, कोणालाही पत्र लिहिलं नाही. सकाळी घरातली लोखंडी सब्बल आणि कुदळ घेतली आणि शाळेच्या मोडीवर गेले. माझे मालक म्हणाले, "अगं, सरकारी रस्ता आहे, केस होईल." मी म्हटलं, "होऊ द्या." ते थोडा वेळ उभे राहिले, मग घमेलं घेऊन माझ्या मागे आले.

डांबर सहज फुटत नाही. पहिले पाच-सहा घाव तर नुसते उसळून हातात आले. मग खालच्या मोहल्ल्यातल्या बाया आल्या. काल-परवापर्यंत ज्या माझ्या दारात भांडायला येत होत्या, त्याच. कोणी काही विचारलं नाही. एकीनं माझ्या हातातली सब्बल घेतली. दोन माणसं दोन्ही बाजूंनी गाड्या थांबवायला उभी राहिली. डांबर निघालं, गिट्टी निघाली, मग काळी, ओली माती. वास इतका आला की एक बाई नालीच्या कडेला जाऊन ओकली.

अकराच्या सुमाराला भाऊजी आला. डोकं भादरलेलं, अंगावर पांढरा पंचा. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहून म्हणाला, "दोन हात अलीकडे खोदा." आम्ही दोन हात अलीकडे खोदलं. तिथंच होता. ट्यूब कुजून लोंबत होती, वर सिमेंटची रिकामी थैली दोरीनं बांधलेली, आणि पाइपाच्या भेगेत नालीचा गाळ. भाऊजी खड्ड्यात उतरला. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही नका. आज तरी नका." तो म्हणाला, "मंग कोण करते?"

माझे मालक कुडवा गावच्या दुकानातून पाइपाचा तुकडा आणि कपलर घेऊन आले. भाऊजीनं फुटका भाग कापला, नवा जोडला, वरून वीट-सिमेंट लावलं. मग टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत पाइप धुऊन काढला. दुपारी तीनला खालच्या मोहल्ल्यात स्वच्छ पाणी आलं. सिस्टरनं बाटली भरून घेतली आणि ती रडायला लागली.

चार वाजता जीपगाड्या आल्या. रस्त्याचे साहेब, पाणीपुरवठ्याचे साहेब, तहसीलचा माणूस आणि पोलीस. सगळे एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच खड्ड्यापाशी. इतक्या दिवसांत मी जे मागत होते ते असं मिळालं. रस्त्याचे साहेब खड्डा पाहून म्हणाले, "परवानगी कोणाची घेतली?"

मी काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. माझ्या तोंडून कधी न निघालेले शब्द निघाले, आणि सासरे तिथं उभे होते तरी मी थांबले नाही. ज्याची बायको आणि लेक गेली तो माणूस चिखलानं माखून खड्ड्याच्या काठावर बसला होता, आणि हा माणूस त्याच्या डोक्यावरून मला परवानगी विचारत होता. मी त्यांना म्हटलं, "उतरा खाली. उतरा, आणि त्या ट्यूबला हात लावून पाहा." ते उतरले नाहीत. पोलिसानं माझा जबाब घेतला. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. गुन्हा त्याच संध्याकाळी दाखल झाला. पाइपाच्या अर्जाला ज्या खात्याकडून आठवडे उत्तर आलं नव्हतं, त्या खात्यानं तक्रार चार तासांत टाइप केली होती.

जबाबासाठी पोलिसांनी ग्रामपंचायतीचं रजिस्टर मागितलं. ग्रामसेवक त्या दिवशी दुसऱ्या गावात होते, म्हणून मीच आवक नोंदवही काढली. पानं उलटताना मला आरोग्य खात्याचं पत्र दिसलं. नमुना पिण्यास अयोग्य, तातडीनं कारवाई करावी. पत्र समन्वय सभेच्या कितीतरी आधी आलं होतं. समोर सही. माझी. ग्रामसेवक यायचे त्या दिवशी मी पंचवीस-तीस कागदांवर एका बैठकीत सह्या करायची, त्यातलाच एक. मी वाचलं नव्हतं. सभेत आरोग्याचे साहेब "ग्रामपंचायतीला कळवलं आहे" म्हणाले, तेव्हा मी मनात त्यांना खोटारडा म्हटलं होतं.

वाचलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. पाणी घाण आहे हे मला पत्राशिवायही ठाऊक होतं. पण मी त्या कागदाचं काहीतरी केलं असतं. तो घेऊन त्या दोघांच्या टेबलावर आपटला असता. निदान तिला तरी सांगितलं असतं, तू आमच्या घरचंच पाणी पी, रोज एक गुंडी घेऊन जा. एवढी साधी गोष्ट. माझ्या रांजणापासून तिचं घर किती लांब होतं?

तेराव्यानंतर मी भाऊजीला ते पान दाखवलं. त्याच्या घराच्या ओट्यावर बसून. त्यानं बोट ठेवून हळूहळू वाचलं. मी म्हटलं, "सही माझी आहे भाऊजी."

तो म्हणाला, "तुमी सही केली वैनी. अन् मी रोज सकाळी कॉक खोलला. दवाखान्यातून येऊन येऊन खोलला." वही मिटून त्यानं माझ्याकडे दिली. "तुमाले काऊन माफ करू, अन् मले कोण करते?"

त्यानं तो महिना पुरा केला, नव्या माणसाला जाम कॉक कसा फिरवायचा ते शिकवलं, आणि गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला गेला. अजून तिथंच आहे. भेटतो, वैनी म्हणतो. पाण्याविषयी आम्ही बोलत नाही.

केस चालली. वकिलांच्या सांगण्यावरून मी माहितीच्या अधिकारात तिन्ही खात्यांचे कागद मागवले. कागद आले तेव्हा मी ते अंगणात बसून वाचले, आणि मला उठून फेऱ्या माराव्या लागल्या. पाणीपुरवठ्याच्या अहवालात लिहिलं होतं, गळती शोधून दुरुस्त केली. रस्त्याच्या अहवालात होतं, पाइपलाइन दुरुस्तीसाठी सहकार्य केले व रस्ता पूर्ववत केला. आरोग्याच्या अहवालात, संयुक्त पाहणीनंतर तातडीने उपाययोजना करून साथ आटोक्यात आणली. आणि पोलिसांच्या कागदात त्याच जागी, त्याच दिवशी, तो खड्डा मी विनापरवाना खोदला होता. भाऊजी कोणत्याच कागदात नव्हता. त्याची बायको एका रकान्यात होती, "मृत्यू" असं लिहिलेल्या, आणि त्यापुढे "अन्य कारण" असं होतं.

वकिलांनी ते अहवाल न्यायालयापुढे ठेवले. जे काम खात्यानं स्वतःच केलं म्हणून लिहून दिलं, त्याचा गुन्हा दुसऱ्यावर कसा, एवढाच प्रश्न. काही तारखांनंतर खटला काढून टाकला गेला. लोकांनी पेढे वाटा म्हटलं. मी वाटले नाहीत. चूक कोणाची, हे कोणीच म्हटलं नव्हतं. दोन्ही साहेबांची बदली झाली, तीही नेहमीची बदली. माझी मुदत संपली, मी पुन्हा उभी राहिले नाही.

मागच्या वर्षी गोंदियात नव्या सरपंचांचं प्रशिक्षण होतं. मला अनुभव सांगायला बोलावलं, विषय होता, ग्रामपंचायत आणि इतर खात्यांचा समन्वय. बोलावणाऱ्याला बहुतेक माझी गोष्ट माहीत नसावी. पहिल्या ओळीत खात्यांचे साहेब बसले होते. मी वर सांगितलं ते सगळं तिथं सांगितलं, माझ्या सहीसकट. मधेच सूत्रसंचालकांनी चिठ्ठी दिली, वेळ झाली. मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि पुढे सांगत राहिले.

संपल्यावर मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. चिचगडच्या बाजूची, नवीन सरपंच, पंचविशीचीही नसेल. तिच्या गावातही नव्या रस्त्याखाली पाइप फुटला होता, खातं पत्र मागत होतं. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "मंग बाई, मी खोदू का?"

मी म्हटलं, "खोद. आणि खोदायच्या दिवशी मला फोन कर, मी सब्बल घेऊन येते."

पहिल्या ओळीतला रस्त्याच्या खात्याचा एक साहेब वळून तिच्याकडे पाहत होता.

चार दिवसांनी तिचा फोन आला. तिला खोदावं लागलं नव्हतं. पहिल्या ओळीतला तो साहेब स्वतः दुसऱ्याच दिवशी गावात आला, पाणीपुरवठ्याच्या माणसाला गाडीत सोबत घेऊन आला, दोघांनी उभं राहून रस्ता फोडून घेतला आणि संध्याकाळपर्यंत पाइप जोडून दिला. कागद मागाहून झाले. ती आनंदानं बोलत होती. "तुमच्यामुळे झालं बाई," म्हणाली.

मी तिला चांगलं झालं म्हटलं, पाणी दोनदा तपासून घे म्हटलं, फोन ठेवला. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि तिच्या गावासाठी तो झालाही. पण मी तिथंच खाटेवर बसून राहिले. म्हणजे येता येत होतं. एका गाडीत बसून, एका दिवसात, कागदाआधी येता येत होतं. त्यांना ते आधीपासून माहीत होतं.